बसच्या हवेच्या ब्रेकचा रिकॉल आला तर

एखाद्या बसच्या ब्रेकमध्ये कारखान्यातूनच दोष आला आहे आणि कंपनी त्या गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देणार आहे, ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका परिच्छेदात संपते. काम मात्र त्यानंतर सुरू होते. दोष असलेल्या गाड्या रस्त्यावर धावतच असतात आणि त्यांत रोज माणसे चढत-उतरत असतात. अशी गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने, ती चालवणाऱ्याने आणि तिच्यात बसणाऱ्याने काय करावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे. मोठ्या परिवहन उपक्रमांकडे अभियंते आणि कार्यशाळा असतात. मी लिहितो आहे ते मुख्यतः दोन-चार गाड्या बाळगणाऱ्या व्यावसायिकांसाठी, शाळेच्या बसचे कंत्राट घेणाऱ्यांसाठी आणि त्या बसने मुले पाठवणाऱ्या पालकांसाठी. त्यांच्या मदतीला बहुधा एक ओळखीचा मेकॅनिकच असतो.

आधी ब्रेकची रचना थोडक्यात, कारण ती माहीत नसेल तर रिकॉलचे पत्र हातात पडूनही कळत नाही.

मोटारीत ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, बसमध्ये हवेच्या. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरतो. वाटेत एअर ड्रायर त्या हवेतली ओल काढून घेतो. टाक्या दोन स्वतंत्र साखळ्यांना हवा पुरवतात, म्हणजे एका साखळीची नळी फुटली तरी दुसरी शिल्लक राहते. चालकासमोर दोन काटे असतात ते याचसाठी. पायाखालचे पेडल म्हणजे एक व्हॉल्व्ह. ते दाबले की हवा चाकांजवळच्या चेंबरकडे सुटते, तिथला रबरी डायफ्राम दांडा पुढे ढकलतो, स्लॅक अॅडजस्टर फिरतो आणि लायनर ड्रमला घासतात. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये याशिवाय एक जबरदस्त स्प्रिंग दाबून ठेवलेली असते. ती हवेने आवरून धरलेली असते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाके जखडते. पार्किंग ब्रेक तोच. हवा संपली की ब्रेक आपोआप लागावा, हे तत्त्व जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ साली रेल्वेसाठी आणले. रचना वेगळी असली तरी बस त्याच विचारावर उभी आहे.

म्हणून ‘हवा गेली आणि ब्रेक लागलाच नाही’ हे वाक्य अर्धेच खरे असते. हवा हळूहळू उतरत जाते तेव्हा पेडलचा ब्रेक आधी ढिला पडतो आणि स्प्रिंग बऱ्याच नंतर सुटते. अमेरिकेत चालकांना शिकवतात त्याप्रमाणे धोक्याचा बझर साधारण ६० पीएसआयच्या आसपास, म्हणजे ४ बारच्या थोडे वर, वाजलाच पाहिजे आणि स्प्रिंग ब्रेक २० ते ४५ पीएसआयच्या दरम्यान लागतो. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा सर्वांत धोक्याचा. पेडलमध्ये पुरेसा जोर उरलेला नसतो आणि स्प्रिंगही अजून आलेली नसते. बझर वाजल्यावर ‘पुढच्या थांब्यापर्यंत जाऊ’ म्हणणारा चालक याच पट्ट्यात शिरत असतो.

ब्रेकचा दोष म्हटला की आपल्या मनात ‘ब्रेक न लागणे’ एवढेच येते. अमेरिकेतले २०१४ सालचे एक प्रकरण या समजुतीला छेद देणारे आहे. बेंडिक्स ही हवेच्या ब्रेकचे भाग बनवणारी तिथली मोठी कंपनी. तिच्या ‘एटीआर-६’ नावाच्या व्हॉल्व्हमुळे ट्रक आणि बस बनवणाऱ्या अनेक कंपन्यांना गाड्या परत बोलवाव्या लागल्या. घसरड्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरू लागले की त्याच्या ब्रेककडे थोडी हवा सोडून ते आवरायचे, हे या व्हॉल्व्हचे काम. कडाक्याच्या थंडीत तो आतल्या आत गळू लागे आणि चालकाने पेडलला पाय न लावताही ब्रेककडे हवा जाई. म्हणजे ब्रेक निकामी होत नव्हता, तो नको तेव्हा लागून राहत होता. ओढल्या जाणाऱ्या ब्रेकमुळे ड्रम तापणे, प्रसंगी आग लागणे, आणि मागचे लाल दिवे न लागता गाडीचा वेग उतरल्याने मागून धडक बसणे, असे धोके त्या सूचनांमध्ये नोंदले होते.

या प्रकरणातून आपल्याकडच्या माणसाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की दोष बसच्या कंपनीचा असेलच असे नाही. तो एका छोट्या व्हॉल्व्हचा असू शकतो आणि तोच व्हॉल्व्ह पाच वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत बसलेला असू शकतो. शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या बसला रिकॉल आला, तर ‘आपली गाडी वेगळी’ म्हणून सोडून देऊ नका. कोणता भाग आहे ते विचारा. दुसरी गोष्ट अशी की दोष ठरावीक परिस्थितीतच डोके वर काढतो. तिथे थंडी होती. आपल्याकडे थंडीने व्हॉल्व्ह गोठत नाहीत, पण कोकणातल्या पावसाळ्यात हवेतच एवढी ओल असते की ड्रायर थकलेला असला तर टाकीत पाणी साचते आणि व्हॉल्व्हच्या आत गंज धरतो. चालत्या गाडीत रोज दिसत नाही म्हणून दोष नाही, असे समजू नका.

कायदा काय देतो

अमेरिकेत हा कायदा १९६६चा आहे. कंपनीला सुरक्षेचा दोष आहे असे ठरले की पाच कामाच्या दिवसांत सरकारी यंत्रणेला कळवावे लागते, त्यानंतर साठ दिवसांत मालकांना पत्र पाठवावे लागते, आणि गाडी पंधरा वर्षांच्या आतली असेल तर दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी लागते. सुटे भाग तयार नसले तरी पत्र अडवून ठेवता येत नाही. आधी धोक्याची सूचना जाते आणि भाग आल्यावर दुसरे पत्र जाते.

आपल्याकडे बराच काळ हे सगळे कंपन्यांच्या मर्जीवर होते. वाहन उत्पादकांच्या संघटनेने, ‘सियाम’ने, २०१२ साली स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता आणली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ घातले गेले आणि केंद्र सरकारला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत. कलम वाचण्यासारखे आहे. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग बसवलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही प्रकारची असोत, परत बोलवायला सांगता येते. उपाय तीन सांगितले आहेत: दुरुस्ती, बदली वाहन किंवा पूर्ण किंमत परत. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला तर तिला दंड होत नाही, आणि हे योग्यच आहे. दोष लपवण्यापेक्षा सांगणे कंपनीला परवडले पाहिजे.

मला या नियमांत एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. सक्तीच्या रिकॉलचे हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरते आहेत. सरकारी वाहनांची, त्यांत परिवहन महामंडळांच्या बसही आल्या, वयोमर्यादा १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षे आहे. म्हणजे बस पंधरा वर्षे प्रवासी वाहू शकते, पण कारखान्यातल्या दोषासाठी कंपनीला गाठण्याची कायद्याची मुदत त्याच्या निम्मीही नाही. व्हॉल्व्हमधले रबर आणि चेंबरमधली स्प्रिंग यांचे दुखणे पुष्कळदा याच उत्तरार्धात बाहेर येते. खासगी मोटारीसाठी ही मुदत एक वेळ चालेल, बससाठी ती वाढवलीच पाहिजे.

पत्र कोणाकडे जाते

रिकॉलचे पत्र गाडीच्या नोंदणीकृत मालकाला जाते. बसच्या बाबतीत नेमकी इथेच साखळी तुटते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेलेली असते आणि कंपनीच्या दप्तरात पहिल्याच मालकाचा पत्ता असतो. फायनान्सवर घेतलेली असते. भाडेतत्त्वावरच्या बसवर परिवहन उपक्रमाचे नाव ठळक रंगवलेले असते, पण मालक कंत्राटदार असतो. शाळेच्या बसवर शाळेचे नाव असते आणि आरसीवर भलत्याचे. पत्र गेले, पोच आली, आणि ज्याच्या पायाखाली ते पेडल आहे त्याला काहीच कळले नाही, असे सहज होऊ शकते.

म्हणून पत्राची वाट पाहू नका. आरसीवरचा सतरा अंकाक्षरांचा चासी नंबर घ्या आणि कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात लेखी विचारा की या गाडीवर कोणता रिकॉल बाकी आहे का. जुनी बस विकत घेताना हे उत्तर सौद्याच्या आधी मागा. केंद्राने ‘काही नाही’ असे सांगितले तर तेही कागदावर घ्या. वर्षातून दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि लग्नसराईच्या आधी, हे केले तरी पुरे. फिटनेस प्रमाणपत्र आहे ना, मग काळजी कसली, असे अनेकांना वाटते. फिटनेसच्या दिवशी ब्रेक लागतो की नाही हे पाहतात. आतला एखादा व्हॉल्व्ह सदोष तुकडीतला आहे का, हे त्या तपासणीत दिसत नाही.

पत्र आले की त्यात चार गोष्टी शोधा: कोणता भाग, काय होऊ शकते, दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवायची की नाही, आणि भाग उपलब्ध आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पत्रात स्पष्ट नसेल तर ते लेखी मागून घ्या. ‘गाडी उभी ठेवा’ असे लिहिले असेल तर ती उभीच ठेवा. हंगामाचे दिवस आहेत, बुकिंग घेतले आहे, हे सगळे मला समजते. पण कंपनीने लेखी सावध केल्यानंतर ती गाडी प्रवाशांसह रस्त्यावर काढणे म्हणजे जाणूनबुजून त्यांना धोक्यात घालणे आहे. भाग यायला उशीर असेल तर बदली गाडीचा खर्च मागा, निदान मागणी नोंदवा. दुरुस्ती झाल्यावर जॉबकार्डवर रिकॉलचा क्रमांक, बदललेल्या भागाचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. ‘ब्रेक तपासले’ एवढ्या शब्दांनी भागत नाही.

आणि एक विनंती कळकळीची आहे. पैसे वाचतात म्हणून किंवा केंद्र दूर आहे म्हणून स्प्रिंग ब्रेकचा चेंबर रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये उघडू देऊ नका. आतली स्प्रिंग प्रचंड जोराने दाबलेली असते. ती बोल्टने बांधून न घेता झाकण सुटले, तर समोरचा माणूस जागीच मरू शकतो.

दुरुस्तीपर्यंत आणि त्यानंतरही

रिकॉल असो नसो, सकाळी गाडी काढण्यापूर्वीची पाच-सात मिनिटे कोणीही वाचवू नयेत. गाडी सपाट जागी, चाकांना पुढून-मागून ओंडके. इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या. बहुतेक बसमध्ये ती ८ बारच्या आसपास भरते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. हवा भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर कॉम्प्रेसर थकला आहे किंवा कुठेतरी गळती आहे. मग इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा आणि काट्याकडे पाहा. अमेरिकेतल्या व्यावसायिक परवान्याच्या परीक्षेत एकट्या गाडीसाठी मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त उतार चालत नाही. पेडल दाबून धरले असताना ३ पीएसआयपर्यंत सूट आहे. आपल्या काट्यावर हे अनुक्रमे बारच्या सातव्या आणि पाचव्या भागाइतके होते, म्हणजे काटा जेमतेम हलल्यासारखा वाटेल. डोळ्यांना ठळक दिसेल इतका तो खाली आला तर गाडी काढू नका. त्यानंतर चावी चालू ठेवून पेडल पुन्हापुन्हा दाबत हवा उतरवा आणि बझर वेळेवर वाजतो का ते ऐका. बझर बंद पडलेला असणे किंवा कटकट नको म्हणून त्याची वायर कोणीतरी काढून ठेवलेली असणे, हा माझ्या मते ब्रेकच्या कोणत्याही दोषाइतकाच गंभीर दोष आहे. त्याच वेळी एकाने मागे उभे राहून लाल दिवे पाहावेत.

टाकीखालच्या ड्रेनमधून रोज पाणी काढा. थोडे पाणी येणे समजू शकते. रोज भरपूर येत असेल तर ड्रायरचे कार्ट्रिज बदलायची वेळ झाली. पाण्यासोबत काळे तेल आले, तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे आणि ते तेल पुढे प्रत्येक व्हॉल्व्हचे रबर खराब करत जाणार. गळती कानाने सापडली नाही तर सांध्यांवर साबणाचे पाणी टाका. फेरी संपल्यावर चाकांजवळ हात नेऊन, न टेकवता, अंदाज घ्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापले असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाही. बेंडिक्सच्या प्रकरणातला धोका याच जातीचा होता.

चालकासाठी आणखी एक. पेडल दाबल्यापासून हवा चाकापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाला एवढ्या वेळात बस आठ मीटर पुढे गेलेली असते. मोटारीवरून बसवर आलेल्या नव्या चालकाला हे अंतर अंगवळणी पडेपर्यंत घाट देऊ नये. उतारावर खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या आणि एक्झॉस्ट ब्रेकच्या जोरावर उतरायचे. पेडल सतत चेपत राहिल्याने हवा खर्ची पडते आणि लायनर तापून पकड सोडतात. न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे तर नाहीच नाही. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, आणि मग टाकीत आहे तेवढीच हवा. पुण्यात नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकने चाळीसहून अधिक वाहने चिरडत नेली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. तपासात पुढे आले ते उतारावर इंजिन बंद केल्याचे.

कुर्ल्यात ९ डिसेंबर २०२४ रोजी बेस्टची भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बस गर्दीत शिरली तेव्हाही पहिल्या तासांत ब्रेककडेच बोट दाखवले गेले, आणि प्राथमिक तपासणीनंतर ब्रेक चालू स्थितीत असल्याचे सांगण्यात आले. प्रत्येक अपघाताला ‘ब्रेक फेल’ म्हणण्याच्या या सवयीने मोठे नुकसान होते. त्या गदारोळात खरा, कारखान्यातला दोष ओळखूच येत नाही. सरकार रिकॉलचा विचार करते ते मालकांच्या तक्रारींच्या संख्येवरून आणि चाचणी संस्थांच्या अहवालांवरून. तुमची तक्रार मोजली जावी असे वाटत असेल तर ती नेमकी हवी: तारीख, किलोमीटर, गाडी भरलेली होती की रिकामी, काटा किती होता, पेडल कसे लागले, कोणता भाग बदलला. काढलेला जुना भाग भंगारात देऊ नका, त्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढून जपून ठेवा. आणि तक्रार फक्त मेकॅनिकला सांगून थांबू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर मालकाला अशी तक्रार नोंदवता येते. तीच लेखी स्वरूपात कंपनीलाही पाठवा. चालकांनो, आगारात किंवा मालकाकडे गाडी जमा करताना दोष तोंडी सांगू नका, लिहून द्या आणि त्याची प्रत ठेवा. उद्या काही झाले तर तोंडी सांगितलेले कोणाला आठवत नाही.

प्रवाशाने यंत्रज्ञ व्हायची गरज नाही. चालत्या बसमध्ये चालकाजवळचा बझर सतत वाजत असेल, थांबल्यावरही हवेचा फुसफुस आवाज थांबत नसेल, चाकाजवळून जळका वास येत असेल किंवा ब्रेक लागताना बस एका बाजूला ओढत असेल, तर वाहकाला सांगा. घाटात चालकाशी वाद घालू नका. पुढच्या थांब्यावर गाडीचा क्रमांक, वेळ आणि काय दिसले ते लिहून आगारप्रमुखाकडे द्या.

पालकांच्या हातात याहून मोठे साधन आहे. महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ सालापासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. तिच्यावर मुख्याध्यापक असतात, पालकांचे प्रतिनिधी असतात. या समितीच्या बैठकीत भाडे आणि वेळापत्रक यांवर बोलणे होतेच. येत्या बैठकीत आपल्या शाळेच्या प्रत्येक बसचा चासी नंबर मागा, त्यावर रिकॉल बाकी नसल्याचे सेवा केंद्राचे पत्र मागा, आणि ते मिळेपर्यंत विषय इतिवृत्तातून काढू देऊ नका.